आरशामागची खोली

ग्युमरीत मार्च म्हणजे अजून थंडीच.
तिपाईवर यंत्र बसवताना हातमोजे काढावे लागतात
आणि पातळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत
बोटं आपली राहत नाहीत.

चौथा दिवस. घर क्रमांक सतरा, वरचा मजला.
काळ्या दगडाच्या भिंती, एकीत बोट जाईल एवढी भेग,
छतापासून थेट खिडकीपर्यंत.
एक भूकंप इथे अजून उभाच आहे,
कोणी बस म्हटलं नाही म्हणून.
नगरपालिकेला मॉडेल हवंय. पाडायचं की सावरायचं
ते ठरवेल दुसरं कोणीतरी, उबेत बसून.

"चार मिनिटं सगळ्यांनी बाहेर," वाहे म्हणाला.
अरुस्याक खुर्चीतून हलली नाही.
"गुडघे," ती म्हणाली,
आणि तेवढ्यावर विषय संपला.

यंत्र फिरू लागलं. आवाज असा,
जणू शेजारच्या खोलीत कोणी हलक्या हाताने कॉफी दळतंय.
सेकंदाला लाखो वेळा किरण जाऊन आपटतो
आणि किती लांब गेलो होतो
तेवढंच परत येऊन सांगतो.
त्याला दगड काय, पडदा काय,
फळीवरच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या काय.
दाराआडून मी पाहिलं :
ती श्वास धरून बसली होती,
जुने लोक फोटोला बसत, तशी.

मग लॅपटॉपवर घर गोळा झालं, ठिपक्याला ठिपका लागून.
वाहे फिरवून बघत होता. थांबला.
उत्तरेच्या भिंतीपलीकडे,
जिथे खरं म्हणजे नुसती हवा आहे,
खाली मोकळा प्लॉट आणि कोणाची तरी गंजलेली गाडी,
तिथे आणखी एक खोली.
तीच शेगडी, तेच टेबल, फक्त डावं ते उजवं.

आरसा.
झाकायचा राहिला होता, चूक माझीच.
किरणाला आरसा कळत नाही.
तो वळतो,
आणि सरळच गेलो होतो असं शपथेवर सांगतो.

तेवढ्यात ती उठून आली. चष्मा पुसला. वाकली.
"इथेच होती," म्हणाली. नवल असं काही नाही आवाजात.
"या भिंतीत दार होतं. मागचं सगळं गेल्यावर भावाने ते चिणलं.
नवा गिलावा वेगळा दिसायचा, म्हणून आरसा."
मग काचेवर नख टेकवून :
"आत कोणी आहे का?"

वाहेने सुरू केलं : परावर्तन, दोष, ऑफिसात साफ होतं हे...
मी त्याच्या बुटावर पाय दिला.
होतं कोणीतरी. टेबलापाशी. विरळ ठिपक्यांचं,
हात मांडीवर, श्वास धरलेला.

"आहे," मी म्हणाले.
"बसलीय?"
"बसलीय."
"हं," म्हणाली, आणि शेगडीत लाकूड सारायला गेली.

ऑफिसात मी साफसफाई केली.
खिडकीतलं कबूतर काढलं. दारात डोकावलेलं
वाहेचं कोपर काढलं.
मग त्या खोलीभोवती चौकट ओढली :
अकरा लाख ठिपके.
एक कळ.
नकाशात आता भिंतीची जाडी बासष्ट सेंटिमीटर
आणि त्यापुढे पांढरं.

आठवड्याने फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही.
"ती खोली मोजलीत का तुम्ही?"

मोजली होती. पुसण्याआधी,
का ते विचारू नका, वहीच्या मागच्या पानावर.
वाचून दाखवलं : लांबी चार मीटर दहा,
रुंदी तीन साठ.

पलीकडे चमचा कपात फिरत राहिला.
मग थांबला.
"चुकलंय तुमचं यंत्र," अरुस्याक म्हणाली.
"लहान होती ती.
दोघी समोरासमोर बसलो
की माझे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागायचे."